एक बेस, दोन पिकअप, दोन ॲम्प: वेंगुर्ल्याकडच्या एका वाद्यवृंदाचं प्रकरण

वाद्यवृंद सहा जणांचा. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, लीड गिटार, बेस आणि गायक. बेसवालाच कोरसही धरतो. कामं ठरलेली: हळदीचे कार्यक्रम, वार्षिक सत्यनारायणाच्या पूजेचा ऑर्केस्ट्रा, शाळांची स्नेहसंमेलनं, उन्हाळ्यात एखादं रिसॉर्ट. बेस, म्हणजे बेस गिटार, चार तारांचा, जॅझ प्रकारचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला). त्याला दोन सिंगल-कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, प्रत्येकी एका कॉइलचे भाग), दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. ॲम्प १०० वॉटचा, १५ इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत.

तक्रार अशी की बेस वाजतो, पण सूर कळत नाही. ऑक्टोपॅडची किक, ढोलकीचा धूम आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात हे सगळं साधारण ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात येऊन बसतं. बेसचा खर्ज वाढवला की त्यात आणखी एक गुंगाट मिसळतो. ट्रेबल वाढवावा तर १५ इंची स्पीकर वरचा भाग धड देत नाही, आणि बोटाच्या खटक्याऐवजी तार फ्रेटवर आपटल्याचा आवाज पुढे येतो. पत्र्याच्या छपराच्या शाळागृहात घुमतं, मोकळ्या मैदानात विरून जातं. साउंडवाल्याचा मागून ठरलेला प्रश्न: ‘बेस खंय गेलो रे?’

मंडळींकडे लीड गिटारचा एक जुना ३० वॉटचा, १२ इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टर कॉम्बो पडून होता. मानेकडचं पिकअप १५ इंचीला द्यायचं, ब्रिजकडचं, म्हणजे तारा बांधलेल्या टोकाकडचं, किंचित ओव्हरड्राइव्ह देऊन (आवाज थोडा फाटेल इतका वाढवून) १२ इंचीला, असं ठरलं. कल्पना नवी नाही. रिकनबॅकर कंपनीच्या बेसवर ‘रिक-ओ-साउंड’ नावाचा स्टिरिओ जॅक याच कामासाठी आहे. येस बँडचा बेसवादक ख्रिस स्क्वायर याचा खणखणीत बेस दोन पिकअप दोन वाटांनी नेऊनच घडला. बेसवादक बिली शीहानच्या बेसला तर सरळ दोन जॅक आहेत, एक खर्जाच्या ॲम्पसाठी आणि एक बाकीच्या आवाजासाठी.

मात्र स्टिरिओ म्हणजे मंचाच्या डाव्या टोकाला एक आणि उजव्या टोकाला दुसरा ॲम्प, हा अर्थ इथे घ्यायचा नाही. पुढची निम्मी फसगत त्यातूनच होते. इथे एका वाद्याच्या दोन कामांना दोन वेगळे रस्ते द्यायचे आहेत, आणि हे रस्ते श्रोत्याच्या कानाशी एकत्रच यायला हवेत.

बेसच्या आतलं काम

जॅझ बेसच्या मूळ जोडणीत प्रत्येक पिकअपची गरम तार आपापल्या व्हॉल्यूम पॉटच्या (फिरवायच्या नियंत्रकाच्या) मधल्या पायाला येते. दोन्ही पॉटचे बाहेरचे पाय एका छोट्या तारेने जोडलेले असतात आणि तिथूनच टोन पॉट व जॅककडे वाट जाते. ती छोटी तार कापली की दोन पिकअप वेगळी होतात. मानेच्या पॉटचा बाहेरचा पाय टोनसकट स्टिरिओ जॅकच्या टोकाच्या पत्तीला, म्हणजे टिपला जोडायचा. ब्रिजच्या पॉटचा बाहेरचा पाय मधल्या पत्तीला, रिंगला. अर्थच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारा जिथल्या तिथे. म्हणजे एक तार कापणं, एक नवी तार ओढणं आणि जॅक बदलणं एवढंच काम; उद्या मन बदललं तर अर्ध्या तासात बेस पूर्ववत होतो. लाकडाला भोक पाडायची गरज नाही.

टोनचा मोह आवरावा. एकच टोन पॉट दोन्ही बाजूंना जोडला तर त्याच्या पायावरच दोन चॅनल पुन्हा एक होतात आणि सगळी मेहनत पाण्यात. टोन फक्त मानेच्या बाजूला ठेवायचा; ०.०४७ मायक्रोफॅरडचा मूळ कपॅसिटर चालतो. ब्रिजची बाजू टोनविना थोडी जास्त उजळ लागते आणि इथे तेच हवं आहे.

एक अडचण सोल्डर मारून झाल्यावर कळली. मूळ जोडणीत व्हॉल्यूम शून्यावर आणला की पिकअप शॉर्ट होतं, पण ॲम्पकडे जाणारी तार २५० किलोओहमच्या पट्टीवर लोंबकळत राहते आणि आसपासची खरखर गोळा करते. साध्या ॲम्पवर हे जाणवत नाही. पुढे ओव्हरड्राइव्ह असेल तर शून्यावरही ‘झूं’ चालूच. म्हणून फक्त ब्रिजच्या पॉटवर तारा उलट केल्या: पिकअप बाहेरच्या पायाला, जॅककडची तार मधल्याला. आता शून्य म्हणजे खरोखर शांतता. याची किंमत एवढीच की दोन्ही पिकअप एकत्र जोडून मोनो वाजवताना ब्रिजचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तर सगळा बेसच बंद पडतो. तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

बेस ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरचा, असेल तर मात्र थांबावं. अशा बेसमध्ये स्टिरिओ जॅक आधीच असतो, पण त्याची रिंग बॅटरीची ऋण बाजू चालू-बंद करायला वापरलेली असते. तिथे पिकअप जोडलं तर ना आवाज ना बॅटरी.

केबल आणि डबी

स्टिरिओ जॅकमध्ये साधी मोनो कॉर्ड खुपसली की रिंगची पत्ती कॉर्डच्या अर्थला टेकते. ब्रिज पिकअप शॉर्ट होतं, मानेचं वाजत राहतं. नुकसान काही नाही. उलट अडीनडीला कोणाचीही कॉर्ड घेऊन कार्यक्रम निभावता येतो.

दोन ॲम्पसाठी माइकची दोन कोअरची केबल वापरायचा विचार झाला होता, कारण ती हाताशी होती. तिच्यात दोन्ही कोअर एकाच जाळीत शेजारी असतात आणि पिकअपसारख्या उच्च इम्पिडन्सच्या (विजेला जास्त अडथळा असलेल्या) सिग्नलला बिघडवायला त्यांच्यामधली कपॅसिटन्स पुरते. एका बाजूचा वरचा आवाज दुसरीकडे झिरपतो. त्याऐवजी दोन वेगळ्या गिटार केबल शेजारी ठेवून हीट-श्रिंकने बांधल्या आणि एका स्टिरिओ प्लगला सोल्डर केल्या. दोन्ही मिळून जाड होतात, म्हणून मोठ्या तोंडाचा प्लग घ्यावा लागतो. लांबी ५ मीटरच्या आत. मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरले तर याहून लांब केबल वरचा आवाज उगाच खाते.

केबलचं दुसरं टोक पत्र्याच्या डबीत जातं. डबीतून दोन मोनो जॅक बाहेर. मध्ये एक साधा टॉगल स्विच, टिप आणि रिंग जोडणारा. स्विच लावला की बेस पूर्वीसारखा मोनो. हा स्विच बेसमध्ये न बसवता डबीत ठेवला हे फार चांगलं झालं, कारण बेसची प्लेट छोटी आणि समुद्राच्या हवेत बेसमध्ये जितके कमी संपर्क तितकं बरं.

स्विचच्या पुढे, ब्रिजच्या वाटेवर, २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत घातला. त्यावर २२२ असा आकडा असतो. पुढच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं इनपुट सुमारे ५०० किलोओहम धरलं तर साधारण १४५ हर्ट्झखालचा आवाज हळूहळू कापला जातो. पेडल न लावता १ मेगओहम इनपुटच्या ॲम्पला सरळ जोडायचं असेल तर १ नॅनोफॅरड घ्यावा, आकडा १०२. तिथे कटाई १६० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. गिटारच्या कॉम्बोचा स्पीकर मोकळ्या पाठीच्या पेटीत असतो, आणि ४१ हर्ट्झची खालची मोकळी तार त्याला झेपत नाही. कोन हेलकावे खातो, आवाज फारसा येत नाही आणि कधीतरी कॉइल घासते. पन्नास पैशांच्या पार्टने स्पीकर वाचतो, असा हा सौदा आहे.

पहिल्या कार्यक्रमाला काय झालं

घरच्या सरावात थोडी घरघर होती, पण ‘जुना ॲम्प आहे’ म्हणून सोडून दिली. पूजेच्या कार्यक्रमात मंडपात जोडणी झाली आणि बेस हातात घेतल्याबरोबर दोन्ही ॲम्प गरजले. बेसवाला कोरससाठी माइकजवळ गेला तेव्हा ओठांना झिणझिण्या आल्या. दुसरा ॲम्प काढून टाकला आणि कार्यक्रम एकाच ॲम्पवर पार पडला.

इथे तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली होती, आणि ती सुटी केल्याशिवाय इलाज होत नाही.

पहिलं दुखणं विजेचं, आणि तेच सगळ्यात गंभीर. बेसचा ॲम्प साउंडवाल्याच्या जनरेटरच्या बोर्डावर होता, थ्री-पिन. गिटारचा कॉम्बो मात्र शेजारच्या घरातून लायटिंगसाठी ओढलेल्या टू-पिन एक्स्टेन्शनवर, अर्थशिवाय. पुढच्या कार्यक्रमाआधी केबल न जोडता, दोन्ही ॲम्प चालू ठेवून, दोघांच्या इनपुटमधल्या मोनो प्लगच्या बाहेरच्या नळ्यांमध्ये मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजले. नव्वदच्या घरात. असा आकडा आला की बेस लावायचा नाही, एवढं साधं. हा बहुधा ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टरमधून गळणारा क्षीण प्रवाह असतो आणि नुसता चिमटा काढतो. पण त्याच ॲम्पचं इन्सुलेशन उद्या गेलं तर तो सगळा प्रवाह बेसच्या तारा, वाजवणाऱ्याचे हात आणि माइकची जाळी यांतून वाट काढणार, आणि तेव्हा चिमट्यावर भागत नाही.

उपाय: दोन्ही ॲम्प एकाच थ्री-पिन बोर्डावर, आणि तो बोर्ड साउंडच्याच लाइनवर. त्या बोर्डावर फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेवर तरंगत असेल तर अर्थची पिन नुसती शोभेची आहे. कोकणात हे वारंवार दिसतं. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर हातभर सळई ठोकून अर्थिंग झालं असं मानतात, पण सुका जांभा वीज धड वाहून नेत नाही. मीठ-कोळसा घालून खोल खड्डा करणं, तो ओला ठेवणं, जनरेटरचा न्यूट्रल नीट बांधणं ही वायरमनची कामं आहेत आणि त्यालाच सांगून करून घ्यावीत. वादकाने आपल्यापुरती ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) बसवलेला बोर्ड स्वतःबरोबर बाळगावा. आणि घरघर थांबते म्हणून अर्थची पिन कापू नये. मोडलेल्या पिनचा प्लग पुढच्या माणसाच्या हातात जातो.

दुसरं दुखणं ग्राउंड लूपचं. दोन्ही ॲम्पना अर्थ मिळाला, आणि डबीतून त्यांच्या जाळ्याही एकमेकींना जोडल्या गेल्या. झालं वर्तुळ पूर्ण. एकाच बोर्डावर आणल्याने लूप लहान होतो आणि घरघर बरीच उतरते, पण पूर्ण जात नाही. त्यासाठी ब्रिजच्या वाटेवर १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला, दोन्ही बाजूंनी १० किलोओहमचा. तो पेडल आणि ॲम्प यांच्या मध्ये हवा, पेडलच्या आधी नाही. पॅसिव्ह पिकअप सरळ १० किलोओहमवर जोडलं तर आवाज बसतो, जणू पिकअपवर उशी ठेवली. पेडलचं आउटपुट कमी इम्पिडन्सचं असल्याने त्याला हा भार जड जात नाही. ट्रान्सफॉर्मरची वेगळी छोटी डबी केली. तिचा बाहेर जाणारा जॅक प्लॅस्टिक बॉडीचा, म्हणजे त्याची नळी पत्र्याला टेकत नाही. ती टेकली तर ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा. पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं, म्हणजे तिकडूनही अर्थची वाट उरत नाही.

तिसरं दुखणं बेसचं स्वतःचं, आणि बरेच जण इथेच चकतात. जॅझ बेसची दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेली आणि उलट चुंबकांची असतात. दोन्ही सारखी उघडली की तारेचा आवाज बेरजेत येतो आणि विजेची घरघर वजाबाकीत जाते. दोघांना वेगळं केलं की ही सोय संपते. प्रत्येक पिकअप आपापली घरघर आपापल्या ॲम्पला देतं, आणि ओव्हरड्राइव्ह तिला उचलून पुढे आणतो.

कुठली घरघर कोणती हे ओळखायला साधी युक्ती. बेस गळ्यात असताना हळूहळू गोल फिरावं. दिशेनुसार घरघर कमी-जास्त झाली तर ती पिकअपची. फिरूनही तशीच राहिली तर लूपची. तारांना हात लावल्यावर कमी झाली तर शील्डिंग कच्चं आहे. ‘व्हॉल्यूम शून्य करून बघा’ ही नेहमीची चाचणी जॅझच्या मूळ जोडणीत फसवते, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिथे शून्यालाही तार लोंबकळती असते. आणखी एक खूण: आपली वीज ५० हर्ट्झची आणि खालच्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ (G) सूर ४९ हर्ट्झचा. तो सूर लांबवला आणि साधारण सेकंदाला एक असा हेलकावा ऐकू आला की घरघर अजून शिल्लक आहे असं समजावं. मोकळ्या ‘जी’ तारेवर, ९८ हर्ट्झला, १०० हर्ट्झची खरखर अशीच पकडता येते.

पॉटच्या खोबणीत तांब्याची टेप लावली. लायटिंगच्या डिमरची चरचर त्याने गेली, ५० हर्ट्झची मूळ घरघर गेली नाही. ती चुंबकीय असते आणि पातळ तांबं तिला अडवत नाही. टेपचे सांधे नुसत्या गोंदावर न सोडता प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका दिला, कारण खाऱ्या हवेत गोंदाचा संपर्क एका पावसाळ्यात जातो. खरा इलाज म्हणजे त्याच मापाची, आत दोन कॉइल असलेली हम-कॅन्सलिंग पिकअप. पैशाअभावी ती फक्त ब्रिजला घातली, ओव्हरड्राइव्ह तिथे आहे म्हणून. ती येईपर्यंत त्या २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरने मोठा हात दिला: ५० हर्ट्झची घरघर पेडलमध्ये शिरण्याआधीच तो ती साधारण एक तृतीयांशावर आणतो.

पोलॅरिटी आणि जागा

घरघर आटोक्यात आल्यावर आवाज जाड व्हायला हवा होता. तो उलट पोकळ लागला. दोन ॲम्पपैकी एक सिग्नल उलटा करून देत असेल, म्हणजे पोलॅरिटी उलटी असेल, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि मधला भाग एकमेकांना खातो. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून, दोन मीटर समोर उभं राहून, ‘जी’ तारेवर बाराव्या फ्रेटचा सूर दुसऱ्याकडून वाजवून घ्यावा. हा १९६ हर्ट्झचा, दोन्ही ॲम्प जिथे एकत्र बोलतात त्या पट्ट्यातला. मोकळ्या ‘ई’ तारेवर, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेवर, ही चाचणी करू नये. तिथे ब्रिजची बाजू कापलेली असल्याने फरक कळत नाही. ॲम्प बंद करून, प्लग काढून, १२ इंचीच्या स्पीकरवरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. पुन्हा वाजवलं तेव्हा आवाज भरला. तारा तशाच ठेवल्या आणि पेटीच्या पाठीवर तशी खूण केली, नाहीतर दुरुस्तीवाला त्या ‘बरोबर’ करून देतो. कॉम्बो व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकरला हात लावू नये. ट्रान्सफॉर्मरच्या डबीत दुय्यम बाजूच्या दोन तारा उलट केल्या तरी तेच काम होतं.

पेट्या एकावर एक, १२ इंची वर. मंचाच्या दोन टोकांना ठेवल्या की कोणा श्रोत्याला एक जवळ, एक लांब पडते. हा फरक १.७ मीटर झाला की १०० हर्ट्झच्या लाटा नेमक्या विरुद्ध येतात, आणि त्या खुर्चीवर बेस गायब. शेजारच्या खुर्चीवर वेगळंच काही. १२ इंची कानाच्या उंचीला आल्याने बेसवाल्यालाही आपला खटका ऐकू येतो आणि तो विनाकारण व्हॉल्यूम वाढवत नाही.

सेटिंग थोडक्यात. १५ इंचीवर बेस मध्यावर, मिड जरा खाली, ट्रेबल जवळपास बंद. १२ इंचीवर बेस शून्य, मिड दोनच्या काट्यावर, ट्रेबल मध्याच्या किंचित पुढे, पेडलचा ड्राइव्ह इतकाच की जोराने छेडल्यावर कड यावी. आधी एकटा १५ इंची ऑक्टोपॅडच्या किकशी जुळवायचा, मग १२ इंची हळूहळू उघडायचा आणि बोट कळायला लागलं की हात काढायचा. पडताळणीसाठी ब्रिजचा व्हॉल्यूम शून्य करावा. स्पष्टपणा गेला आणि भरीवपणा राहिला तर प्रमाण बरोबर. एकूण आवाजच पडला तर १२ इंची जास्त झाला आहे.

साउंडवाल्याला मिक्सरवर दोन चॅनल मागितले तर तो कुरकुरतो, आणि छोट्या मिक्सरवर त्याचंही बरोबर असतं. एकच चॅनल मिळत असेल तर डबीवरचा स्विच मोनोला टाकून १५ इंचीच्या लाइन-आउटवरून (मिक्सरकडे जाणाऱ्या जॅकवरून) द्यावं. १२ इंची मंचापुरता ठेवावा. दोन मिळाले तर लाइन-आउट एक आणि १२ इंचीसमोर ५ सेंटिमीटरवर डायनॅमिक माइक दुसरा, त्या चॅनलचं लो-कट बटण दाबून. मिक्सरवरही पोलॅरिटी पुन्हा कानाने तपासायची. मंचावर जुळलेलं तिथे उलटू शकतं.

राहता राहिली खारी हवा. मोनो जॅकपेक्षा स्टिरिओ जॅकला एक पत्ती जास्त, आणि ती रिंगची पत्तीच सगळ्यात आधी काळवंडते किंवा सैल होते. ब्रिजचा ॲम्प मधूनच फुसफुसला, प्लग फिरवल्यावर पूर्ववत झाला, की दोष तिथेच. कार्यक्रमानंतर प्लग कोरड्या फडक्याने पुसणं, महिन्यातून एकदा जॅक आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर, जूनपासून डब्या आणि केबल सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात. चांगल्या घट्ट पत्त्यांचे जॅक कुडाळ-सावंतवाडीला नेहमी मिळतीलच असं नाही, म्हणून मुंबईला जाणाऱ्याकडून लॅमिंग्टन रोडवरून दोन-चार एकदमच मागवून ठेवले. सोबत एक तयार केबल आणि २२२ चे चार कपॅसिटर ॲम्पच्या पाठीच्या कप्प्यात कायम असतात.